बरणी ख

तेल सत्तर अंशांवर, पाणीही सत्तर अंशांवर.
दोघांचा ताप एक झाला की मगच गाठ घालायची,
नाहीतर फाटतं,
आणि दिवसभराचं मोरीत ओतावं लागतं.
मी प्रयोगशाळेतली मदतनीस. डिग्री नाही.
बारा वर्षं काचा घासल्या, तेवढ्यात हे कळलं.

सांगलीत एप्रिलमध्ये खिडकी उघडी राहिली
तर मार्केट यार्डातली हळद उडून आत येते,
तराजूच्या पारड्यात बसते,
आणि शेवटचा आकडा डुलत राहतो, ठरत नाही.

तेजश्री खवाटेची पहिली खेप हळदीचीच होती.
बेदाणा निवडणाऱ्या बारा जणी, सगळ्या पन्नाशीपुढच्या,
हात पुढं करून बसल्या, पिवळ्या झाल्या, खिदळल्या:
"आता ह्या वयात कुणासंगं लावताय आमचं?"
ती खेप गेली.

मग म्हैसाळच्या कालव्याकडेचा कारिवणा.
रुपयाएवढी पानं, चिखल धुऊन सावलीत वाळवली.
अर्क शेवाळासारखा हिरवा, वास ओल्या पोत्याचा.
कोरफडीचा गर, ज्येष्ठमध, तीळतेल, मेण.
आधी कोपराच्या लवणीत थेंबभर लावून दोन दिवस वाट बघितली.
शकिरा जमादारला खाज आली. तिला वगळलं.
ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

डाव्या हाताला क, उजव्याला ख. आठ आठवडे.
एकात अर्क, एकात नुसतं तेल, पाणी, मेण
आणि दिसायला सारखं म्हणून चिमूटभर हिरवा रंग.
कशात काय, हे ना बायकांना ठाऊक, ना तेजश्रीला.
बरण्या मी भरल्या.
चिठ्ठी लखोट्यात, लखोटा माझ्या कपाटात,
किल्ली कमरेला.

द्वारका ऐवळे. वय? "लिवा की साठ."
उजव्या हातावर गोंदण, पण कातडी इतकी खवल्यांची
की हिरवट धुरातून दोनच अक्षरं लागली.
अर्जात ओळखखुणेचा रकाना होता.
मी लिहिलं: गोंदण, 'जरा'.
तेजश्री म्हणाली, अहो, हा तर माझ्या प्रबंधाचाच विषय,
आणि हसली.
द्वारकाबाई आमच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

यंत्र कातडी वर ओढतं, सोडतं,
आणि ती किती वेळात जागेवर येते ते मोजतं.
त्यांची येईना. राहुटीसारखी उभी राहिली.
"बसंल की," त्या म्हणाल्या, "तिला कुठं जायाचंय?"

आठवा आठवडा संपला. लखोटा फोडला.
क मध्ये अर्क.
आकडेही क चेच बरे, पण इतके थोडे बरे
की सरांनी चष्मा काढला आणि कागद बाजूला सारला.
तेजश्री जिन्यात बसून रडली.
मी तिला चहा नेऊन दिला, तो तिथंच निवला.

त्याच दुपारी द्वारकाबाईंनी टेबलावर हात ठेवला.
उजवा. ख चा.
"वाच बघू काय हाय त्ये."
'जरा'च्या अलीकडं एक 'गो' उगवला होता,
काना, मात्रा, सगळं जागच्या जागी.
गोजरा, मी म्हटलं.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग:
"लगीन झालं तवा सासूनं द्वारका केली.
आयनं आधीच गोंदून धाडलेली. तेवढं काय पुसता आलं न्हाई कुणाला."
अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिल्या,
रोज सकाळ-संध्याकाळ मलम जिरवायला
आम्ही शिकवला होता तसा, गोल, दोन मिनिटं.
"ह्याचीच अजून एक डबी द्या.
डावीकडचं नगं. त्यात काय राम न्हाई."

मी सांगायला हवं होतं, काही नाही ते ह्यातच.
सांगितलं नाही.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर बर्नर पेटवला.
तेल सत्तर. पाणी सत्तर.
अर्काची बाटली हाताशीच होती, झाकण लागलेलं.
बरणीवर चिठ्ठी डकवली, क लिहू की ख, पेन थांबलं,
आणि तिचं नाव घातलं. जुनं.
खाली तारीख, नेहमीसारखी.